हिस्टोन एच३ चा ब्लॉट पहिल्यांदा लावताय? अँटीबॉडीला दोष देण्याआधी हे सगळं बघा

ब्लॉट म्हणजे वेस्टर्न ब्लॉट: प्रोटीन जेलवर आकारानं वेगळे करायचे, मेम्ब्रेनवर म्हणजे पातळ पडद्यावर उतरवायचे आणि हवं ते अँटीबॉडीनं शोधायचं, ते पट्टीसारखं, बँड म्हणून दिसतं. आणि हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रोटीन, एच३ त्यातलाच एक. दर वर्षी प्रोजेक्टची नवीन मुलं लॅबमध्ये येतात आणि दोन महिने होत नाहीत तोवर त्यातलं कोणीतरी माझ्या बेंचपाशी येऊन म्हणतंच, "ताई, अँटीबॉडी खराब आलीय, बँडच येत नाहीये." मी तेव्हा अँटीबॉडीचं काही विचारतच नाही. मी विचारते, पेलेट (स्पिननंतर ट्यूबच्या तळाला बसलेला गाळ) कुठे टाकलंस?

कारण हेच माझ्या बाबतीत झालंय. पहिल्या वर्षी लॅबमध्ये सगळे जो रिपा बफरचा (पेशी फोडायच्या डिटर्जंटच्या द्रावणाचा) प्रोटोकॉल वापरायचे तोच मी उचलला, पेशी फोडल्या, स्पिन मारला, वरचं पाणी घेतलं, खालचं चिकट पेलेट टाकून दिलं. ॲक्टिन (पेशीत नेहमी असणारं, तुलनेला धरायचं प्रोटीन) झकास यायचं, एच३ कधी पुसट तर कधी नाहीच. मी अँटीबॉडी वाढवली, सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) बदलली, एक्स्पोजर दहा मिनिटांवर नेलं, तीन आठवडे गेले. शेवटी एका सिनियरनं सांगितलं की तू जे टाकून देतेस ना, ते एकदा एसडीएस (प्रोटीन उलगडणारं डिटर्जंट) बफरमध्ये उकळून लोड करून बघ. केलं, आणि एच३ चा इतका जाड बँड आला की मधोमध पांढरा पडला. हिस्टोन सगळे पेलेटमध्येच होते, डीएनएला घट्ट धरून बसलेले, आणि मी ते रोज कचऱ्यात टाकत होते.

म्हणून हा लेख. टोटल एच३ ची, म्हणजे मॉडिफिकेशन (प्रोटीनवर लागलेले रासायनिक गट) असो वा नसो सगळा एच३ ओळखणारी, मोनोक्लोनल अँटीबॉडी घेऊन वेस्टर्न कसा लावायचा ते पहिल्यापासून सांगते. यात अँटीबॉडीचं काम एका रात्रीचं, बाकी सगळी मेहनत हिस्टोन ट्यूबमध्ये आणणं आणि मेम्ब्रेनवर टिकवणं यातच आहे.

आधी थोडं समजून घ्या, मग पिपेट धरा

हिस्टोन हे छोटे आणि प्रचंड पॉझिटिव्ह चार्जचे प्रोटीन, लायसिन आणि आर्जिनिननं भरलेले. एच२ए, एच२बी, एच३, एच४ प्रत्येकी दोन असे आठ मिळून एक गोळा होतो आणि त्याभोवती डीएनएचे साधारण १४७ बेसपेअर गुंडाळलेले असतात, त्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. एच१ बाहेरून चिमट्यासारखा बसतो. अल्ब्रेख्त कोसेलनं १८८४ मध्ये पक्ष्यांच्या रक्तपेशींमधून हिस्टोन पहिल्यांदा वेगळे केले, आणि तेही ॲसिड वापरून. आपण आजही ॲसिडच वापरतो, कारण डीएनए आणि बाकीचे बहुतेक प्रोटीन ॲसिडमध्ये खाली बसतात आणि हिस्टोन विरघळून वर राहतात.

दुसरी गोष्ट, हिस्टोन उत्क्रांतीत जवळजवळ बदललेलेच नाहीत. वाटाण्याचा एच४ आणि गाईचा एच४ यांच्यात १०२ पैकी फक्त २ अमिनो ॲसिड वेगळी आहेत. त्यामुळे माणसासाठी बनवलेली टोटल एच३ ची अँटीबॉडी उंदीर, कोंबडी, माशी, बऱ्याचदा झाडांमध्येसुद्धा चालते, आणि याचा फायदा आपण पुढे घेणार आहोत.

मोनोक्लोनल म्हणजे एकाच बी पेशीच्या वंशातून आलेली, एकच एपिटोप (प्रोटीनवरची अँटीबॉडीनं धरायची जागा) ओळखणारी अँटीबॉडी. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाची पद्धत दिली, १९८४ चं नोबेल त्यांना आणि नील्स येर्ने यांना मिळालं. पॉलीक्लोनलमध्ये दर वेळी नवा ससा म्हणजे नवा मिश्रणाचा डबा, मोनोक्लोनलमध्ये लॉट बदलला तरी माल बराचसा तोच राहतो, आणि रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल असेल तर अजून भरवशाचा, कारण तिची सिक्वेन्सच माहीत असते. पण एकच एपिटोप ओळखते म्हणजे तो एपिटोप झाकला गेला की ती आंधळी होते. हे डोक्यात पक्कं बसवा.

अँटीबॉडी निवडताना

डेटाशीट उघडा आणि किमतीच्या आधी एपिटोप बघा. टोटल एच३ पाहिजे असेल तर सी-टर्मिनल (साखळीच्या शेवटच्या) भागाविरुद्धची घ्या. एच३ च्या एन-टर्मिनल (साखळीच्या सुरुवातीच्या) शेपटीवरच सगळी गर्दी असते, के४, के९, के२७ वर मिथाइल नाहीतर ॲसिटाइल, एस१० वर फॉस्फेट (के म्हणजे लायसिन, एस म्हणजे सेरिन, आकडा म्हणजे साखळीतला नंबर). शेपटीविरुद्धची अँटीबॉडी घेतली आणि तुमच्या ट्रीटमेंटमुळे शेजारी एखादं मॉडिफिकेशन वाढलं, तर सिग्नल कमी होईल आणि तुम्हाला वाटेल एच३ च कमी झाला. शिवाय काही पेशींमध्ये कॅथेप्सिन एलसारखे एन्झाइम शेपटी कापूनच टाकतात, मग तर काहीच दिसणार नाही.

मॉडिफिकेशनची अँटीबॉडी घेणार असाल तर अजून कडक व्हा. २०११ मध्ये दोनशेहून जास्त हिस्टोन मॉडिफिकेशन अँटीबॉडी तपासल्या गेल्या आणि चतुर्थांशाहून जास्त स्पेसिफिसिटीच्या टेस्टमध्ये नापास झाल्या. त्यामुळे के९ ट्रायमिथाइलची अँटीबॉडी के२७ ट्रायमिथाइलला चिकटत नाही याचा पुरावा, म्हणजे पेप्टाइड ॲरे किंवा डॉट ब्लॉटचा डेटा मागा. दोन्हीकडे आजूबाजूचा अमिनो ॲसिडचा क्रम एआरकेएस असाच आहे, गोंधळ होणं साहजिक आहे.

मग होस्ट बघा. रॅबिट मोनोक्लोनल असेल तर सेकंडरी अँटी-रॅबिट, माऊस असेल तर अँटी-माऊस. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण फ्रीजमध्ये दोन सारख्या ट्यूब शेजारी असल्या की हीच चूक होते.

पार्सल आल्यावर आधी आइस पॅक हाताला गार लागतोय का ते बघा आणि वहीत लिहा. एप्रिल-मे मध्ये पुण्यात दुपारी पार्सल गेटवर तासभर पडलं तरी फरक पडू शकतो, म्हणून सिक्युरिटीच्या काकांना आधी सांगून ठेवा की खोका आला की लगेच फोन करा. ट्यूब उघडायच्या आधी छोटा स्पिन मारा, झाकणाला लागलेले दहा मायक्रोलिटर म्हणजे दहा ब्लॉट असतात. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे २० वर ती गोठत नाही, ॲलिक्वॉट नाही केले तरी चालतं. ग्लिसरॉल नसेल तर मात्र छोटे ॲलिक्वॉट करा. लॉट नंबर वहीत, तारखेसकट.

सरावासाठी कोंबडीचं रक्त

ही माझी आवडती युक्ती आहे. माणसाच्या लाल रक्तपेशीत न्यूक्लियस नसतो, कोंबडीच्या असतो. म्हणजे चिकनच्या दुकानात ईडीटीएची जांभळ्या झाकणाची ट्यूब नेली आणि २ मिली रक्त आणलं तरी हिस्टोनचा खजिना हातात येतो. १ मिलीत साधारण ३०० कोटी पेशी, म्हणजे ५० मायक्रोलिटरमध्येच १५ कोटी न्यूक्लियस. महागड्या मीडियावर वाढवलेल्या पेशी वाया घालवण्याआधी दोन वेळा यावर हात बसवा. पण आधी तुमच्या इन्स्टिट्यूटच्या बायोसेफ्टीवाल्यांना विचारा, ग्लोव्हज घाला, आणि वापरून झाल्यावर सगळं हायपोक्लोराइटमध्ये टाका.

खरा प्रयोग पेशींवर असेल तर पेशी कुठून आल्या ते महत्त्वाचं. पुण्यात आपलं नशीब चांगलं, गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएसची (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरी आहे. मित्राच्या मित्राच्या लॅबमधून आलेली, कितव्या पॅसेजची माहीत नाही अशी हीला (लॅबमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) वापरण्यापेक्षा तिथून रीतसर घ्या.

ॲसिड एक्स्ट्रॅक्शन

१० सेंटीमीटरची एक डिश घ्या, भरत आलेली, हीला असेल तर साधारण ७०-८० लाख पेशी मिळतात. बर्फाच्या गार पीबीएसनं दोनदा धुवा. ॲसिटिलेशन बघायचं असेल तर पीबीएसपासून सगळ्या बफरमध्ये ५ मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट घाला, नाहीतर ॲसिटाइल काढणारे डीॲसिटिलेज एन्झाइम तुम्ही स्पिन मारेपर्यंत आपलं काम उरकतात.

आता ट्रायटन बफर, म्हणजे पीबीएसमध्ये ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० आणि २ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमना थांबवणारं). पीएमएसएफ अगदी शेवटी घाला, पाण्यात ते फार टिकत नाही, सकाळी घातलेलं दुपारी मेलेलं असतं, आणि ते विषारी आहे तेव्हा जपून. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये या बफरला सोडियम अझाइड घालायला सांगतात, मी घालत नाही, कारण पुढच्याच स्टेपला ॲसिड येतंय आणि अझाइड ॲसिडला भेटलं की विषारी वायू होतो. १ कोटी पेशींना १ मिली या हिशोबानं बफर घाला, बर्फावर १० मिनिटं, मधेमधे हलकं उलटसुलट करा. मग ६५० जीला १० मिनिटं ४ डिग्रीवर स्पिन. आरपीएम नाही, जी बघा, प्रत्येक रोटरला आरपीएम वेगळा पडतो. खाली न्यूक्लियस बसतात. अर्ध्या बफरमध्ये परत एकदा धुवा. कोंबडीच्या रक्ताला तीन-चार वेळा धुवावं लागतं, सगळं लाल वर निघून गेलं आणि खाली पांढरट पेलेट राहिलं की समजायचं झालं.

या पेलेटवर ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, ४ कोटी पेशींना १ मिली. आपल्या एका डिशला म्हणजे २०० मायक्रोलिटर पुरतं. ॲसिड थेंबाथेंबानं घाला आणि घालताना हलकं व्होर्टेक्स करा, एकदम ओतलं तर गोळा होतो आणि आतल्यापर्यंत ॲसिड पोचत नाही. रात्रभर ४ डिग्रीवर रोटेटरवर ठेवा. सकाळी ६५०० जीला १० मिनिटं स्पिन मारा, आणि आता इथे नियम उलटा होतो, आता हिस्टोन वर आहेत! वरचं पाणी नवीन ट्यूबमध्ये घ्या. रिपात पेलेटमध्ये, ॲसिडमध्ये वरच्या पाण्यात, हे ट्यूबच्या झाकणावर लिहून ठेवलं तरी चालेल.

मग न्यूट्रलाइझ करा, २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, आकारमानाच्या दहाव्या भागाइतकं. हे विसरलात तर सँपल बफर घातल्यावर निळा रंग पिवळा पडतो. पिवळं सँपल लोड करू नका, ते सरळ पळत नाही, परत निळं होईपर्यंत थोडं थोडं ट्रिस घाला.

एवढा वेळ नसेल आणि फक्त टोटल एच३ च बघायचा असेल तर सोपा रस्ता आहे. पेशी सरळ एसडीएस सँपल बफरमध्ये फोडा, सोनिकेट करा नाहीतर बारीक इन्सुलिनच्या सुईतून दहा-पंधरा वेळा काढा म्हणजे डीएनए तुटून चिकटपणा जातो, ९५ डिग्रीवर ५-१० मिनिटं उकळा आणि लोड करा. लॅबमध्ये घाई असते तेव्हा मी हेच करते, मॉडिफिकेशनसाठी मात्र ॲसिडवालाच स्वच्छ येतो.

मोजताना एक लक्षात घ्या. कोअर हिस्टोनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं, म्हणून नॅनोड्रॉपवर २८० ला वाचन घेतलं तर खूपच कमी येतं. ब्रॅडफर्डचा रंग उलट आर्जिनिन-लायसिनलाच धरतो, त्यामुळे बीएसएच्या (गाईच्या अल्ब्युमिनच्या) स्टँडर्डवर हिस्टोन जास्त दिसू शकतात. म्हणून मोजमाप फक्त अंदाजाला घ्या आणि एक छोटी जेल चालवून कूमासीनं (प्रोटीन निळं करणाऱ्या रंगानं) रंगवा, खाली कोअर हिस्टोनचे बँड ओळीनं आणि वर एच१ दिसला की माल बरोबर. कोंबडीत वर एच५ पण दिसेल.

जेल आणि ट्रान्सफर, इथेच अर्धे ब्लॉट मरतात

जेल १५ टक्क्यांची. ॲसिड एक्स्ट्रॅक्ट १ ते २ मायक्रोग्रॅम पुरतं, होल सेल लायसेट असेल तर १०-२० मायक्रोग्रॅम. माणसाच्या एका पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो आणि वजनानं जवळपास तेवढेच हिस्टोन, म्हणजे १ मायक्रोग्रॅम हिस्टोन म्हणजे दीड लाख पेशींचा माल, कमी नाहीये तो. एच३ चं वजन साधारण १५ किलोडाल्टन, जेलवर १५ ते १७ च्या मधे दिसतो. एच४ ११ चा, तो डायच्या अगदी मागे असतो, म्हणून डाय जेलबाहेर जाऊ देऊ नका. मार्करमध्ये १० आणि १५ चा बँड आहे ना तेही आधी बघा, काही मार्करमध्ये खालचं काहीच नसतं.

मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचीच. ०.४५ वाली रोजची मेम्ब्रेन हाताशी असते म्हणून लोक तीच लावतात आणि हिस्टोन तिच्यातून आरपार निघून जातात. नायट्रोसेल्युलोज किंवा पीव्हीडीएफ दोन्ही चालतं, पीव्हीडीएफ असेल तर मिथेनॉलमध्ये आधी भिजवा. ट्रान्सफर बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल, वेट ट्रान्सफर १०० व्होल्टला १ तास, टाकी बर्फात. पहिल्यांदा करताना मेम्ब्रेनच्या मागे अजून एक मेम्ब्रेन लावा, दुसऱ्यावर एच३ सापडला तर वेळ कमी करा. अजून एक गोम अशी की मिथेनॉलमुळे प्रोटीनवरचं एसडीएस सुटतं, आणि हिस्टोन स्वतः पॉझिटिव्ह, मग ते जेलमध्येच अडकून बसतात नाहीतर उलट्या दिशेला जायला बघतात. ट्रान्सफरनंतर जेल कूमासीत टाकून बघा, हिस्टोन अजून तिथेच असतील तर पीएच ११ चं कॅप्स बफर वापरून बघा, माझं त्यानं काम झालंय.

रात्रभराचं ट्रान्सफर ३० व्होल्टला कोल्ड रूममध्ये पण करता येतं, पण बुधवारी रात्री लावू नका. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायची शक्यता असते आणि करंट थांबला की छोटे प्रोटीन जेलमध्येच पसरतात, सकाळी बँडऐवजी धूर दिसतो. युपीएसवर असलेलं पॉवरपॅक असेल तर ठीक.

ट्रान्सफर झालं की पाँसो एस (मेम्ब्रेनवरचे प्रोटीन गुलाबी करणारा रंग) लावा. दोन मिनिटांचं काम आहे, १५ च्या आसपास गुलाबी रेषा दिसल्या पाहिजेत. फोटो काढा. गुलाबी रेषा नसतील तर तिथेच थांबा, पुढे जाऊन महागडी अँटीबॉडी वाया घालवू नका.

आता अँटीबॉडी

ब्लॉकिंग ५ टक्के स्किम्ड मिल्क टीबीएसटीमध्ये (ट्रिस, मीठ आणि ट्वीनचं बफर), १ तास. स्किम्ड म्हणजे स्किम्डच, पॅन्ट्रीतली चहात घालायची दूध पावडर नको, तिच्यात साखर आणि फॅट असतं. फॉस्फो अँटीबॉडी असेल तर बीएसए घ्या, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे. प्रोटोकॉलमध्ये रूम टेंपरेचर लिहिलेलं असतं ते २०-२५ डिग्री धरून, मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमधलं ३६ डिग्री म्हणजे रूम टेंपरेचर नव्हे, तेव्हा सरळ कोल्ड रूममध्ये जा.

प्रायमरी (एच३ ला धरणारी पहिली अँटीबॉडी) डेटाशीटप्रमाणे, टोटल एच३ ला साधारण १:१००० ते १:५००० मध्ये काम होतं, ५ टक्के बीएसएमध्ये, रात्रभर ४ डिग्रीवर रॉकरवर. नवीन अँटीबॉडी असेल तर एकाच सँपलच्या चार पट्ट्या कापून चार डायल्यूशन लावा, एका दिवसात कायमचा आकडा मिळतो. प्रायमरी परत वापरायची म्हणून त्यात ०.०२ टक्के अझाइड घालून ठेवता येतं, पण अझाइड एचआरपीला (सेकंडरीला जोडलेल्या, सिग्नल देणाऱ्या एन्झाइमला) मारतं, म्हणून सेकंडरीत कधीच नाही, आणि प्रायमरीनंतर धुणं नीट. टीबीएसटीनं १० मिनिटांचे तीन वॉश, मग एचआरपी सेकंडरी १:५००० ते १:१०००० एक तास, परत तीन वॉश, मग ईसीएल (एचआरपीमुळे उजळणारं द्रावण).

एक्स्पोजर १ सेकंदापासून सुरू करा. एच३ पेशीत इतका असतो की सिग्नल पटकन सॅच्युरेट होतो, सॅच्युरेट झालेले सगळे बँड सारखेच काळे दिसतात आणि मग लोक लिहितात की लोडिंग एकसारखं आहे. नाहीये ते. बँड मधोमध पांढरा पडला तर माल किंवा अँटीबॉडी जास्त झाली, ईसीएल तिथे जळून गेलं.

कंट्रोल कोणते लावायचे

टोटल एच३ आणि मॉडिफाइड एच३ एकाच वजनाचे, त्यामुळे मेम्ब्रेन आडवी कापून दोन अँटीबॉडी लावायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. एकतर स्ट्रिप करून परत लावा, आधी मॉडिफिकेशन आणि नंतर टोटल, नाहीतर तेच सँपल दोन जेलवर चालवा, नाहीतर एक रॅबिट आणि एक माऊस अँटीबॉडी घेऊन दोन रंगांच्या फ्लुओरेसंट सेकंडरी लावा. इमेजर असेल तर शेवटचा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, एकाच बँडवर दोन्ही वाचनं मिळतात.

मॉडिफिकेशनच्या अँटीबॉडीला निगेटिव्ह कंट्रोल म्हणून बॅक्टेरियात बनवलेला रिकॉम्बिनंट एच३ लावा, त्यावर मॉडिफिकेशन नसतात, तिथे बँड आला तर अँटीबॉडी नुसता एच३ बघतेय. पॉझिटिव्हसाठी पेशींना आधी काहीतरी करा, ॲसिटिलेशनला ब्युटिरेट, एस१० फॉस्फोला नोकोडाझोल, गॅमा एच२एएक्सला इटोपोसाइड. के२७ ट्रायमिथाइलला ईझेडएच२ (ते मिथाइल लावणारं एन्झाइम) चा इनहिबिटर देऊन सिग्नल उतरतो का ते बघा, पण काही दिवस द्यावा लागतो, ते मिथाइल पेशी विभागत गेल्यावरच पातळ होतं. टोटल एच३ चं नॉकआऊट मागणारा रिव्ह्यूअर भेटला तर शांतपणे सांगा की एच३ ची जीन एक नाही, पुष्कळ आहेत.

हा कंट्रोलचा आग्रह फक्त पेपरसाठी नाही. मुलांच्या मेंदूतल्या काही ट्यूमरमध्ये एच३ च्या २७ नंबरच्या लायसिनजागी मिथिओनिन आलेलं असतं, हे २०१२ मध्ये समजलं, आणि आज पॅथॉलॉजिस्ट त्या बदललेल्या एच३ ची अँटीबॉडी बायोप्सीवर लावून निदानाला मदत घेतात. सोबत के२७ ट्रायमिथाइलची अँटीबॉडी लावतात आणि ट्यूमरच्या पेशीत तो सिग्नल गेलेला दिसतो का ते बघतात, आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशीत तो टिकलाय का तेही बघतात, कारण तिथेही नसेल तर स्टेनिंगच फसलंय. तोच कंट्रोल, फक्त स्लाइडच्या पलीकडे एखादं मूल आणि त्याचे आईबाप वाट बघत असतात.

शेवटचं, अँटीबॉडी ब्लॉटला चालली म्हणून चिपला (अँटीबॉडीनं प्रोटीन त्याच्या डीएनएसकट ओढून काढायच्या पद्धतीला) चालेलच असं नाही. ब्लॉटवर प्रोटीन उलगडून सरळ झालेलं असतं, चिपमध्ये फॉर्मल्डिहाइडनं बांधलेलं, डीएनए गुंडाळलेलं. सी-टर्मिनलची अँटीबॉडी ब्लॉटवर उत्तम असली तरी न्यूक्लिओसोममध्ये तिचा एपिटोप आत दडलेला असू शकतो. चिप करायचं असेल तर त्यासाठी तपासलेला क्लोन घ्या आणि आयजीजीसोबत (एच३ न ओळखणाऱ्या कंट्रोल अँटीबॉडीसोबत) एक लहान ट्रायल करा, सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी दोन-तीन माहितीच्या जीनवर क्यूपीसीआर (डीएनए किती आला ते मोजायची टेस्ट) लावून बघा. आणि हो, पहिला एच३ ब्लॉट आला की पाँसोचा फोटो, लॉट नंबर, एक्स्पोजरची सेकंदं हे तिन्ही एकाच पानावर चिकटवा, सहा महिन्यांनी लॉट बदलेल तेव्हा तेच पान उघडायचंय.